रनर कापायचा कधी? पाणवनस्पतींविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पहिल्या टँकसाठी कोणती रोपे घ्यावीत हे लिहिताना मी जाता जाता म्हटले होते, की व्हॅलची, म्हणजे व्हॅलिस्नेरियाची, दोन-तीनच रोपे आणा, बाकीची ती स्वतःच करतील. त्यानंतर आलेली निम्म्याहून अधिक पत्रे त्या एका वाक्यावरच आहेत. कुणाकडे ती करत नाहीत म्हणून तक्रार आहे, कुणाकडे थांबत नाहीत म्हणून. तेव्हा या खेपेला माशांचे आजार आणि फिल्टरची कुरकुर बाजूला ठेवते आणि फक्त रनरवरच, म्हणजे रोपाच्या बुडातून आडव्या पळणाऱ्या आणि टोकाला नवे पिल्लू देणाऱ्या खोडावर, बोलते.

प्रश्न : दोन फुटी टँक आहे, खाली नदीची वाळू. तीन महिन्यांपूर्वी व्हॅलिस्नेरियाची चार रोपे लावली. आता एकाच्या बुडातून पांढरट दोरा निघून वाळूवरून काचेपर्यंत गेला आहे. त्याला दोन छोटी रोपे रुजली आहेत आणि तिसरे अधांतरी लोंबते आहे. दुकानदार म्हणतो, लगेच कापा, नाहीतर मोठे रोप मरेल. मुलगी म्हणते, हात लावू नका. कुणाचे ऐकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुलीचे ऐका. दुकानदारही अगदीच चूक नाही, ते खाली येईलच.

आधी तो दोरा नीट बघा. संध्याकाळी दिवा चालू असताना काचेला नाक लावून बसा, घरात भिंग असेल तर उत्तमच. दोरा मुळांतून आलेला नाही. पानांच्या झुबक्यात सर्वांत खालच्या एखाद्या पानाच्या बगलेतून तो निघालेला दिसेल. बगलेतून निघते ती फांदी. शाळेत ‘धावते खोड’ म्हणून जे पाठ केले ते हेच. अंग गुळगुळीत, रंग पांढरट-हिरवा, आणि टोकाला निमुळती, घट्ट मिटलेली कळी. ही कळी चार बोटांपासून वीतभर आडवी सरकते, मग वर वळते आणि तिथे दोन बारीक पाने उघडतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत त्याच जागी खालच्या अंगाने पांढरीशुभ्र मुळे डोकावतात आणि वाळूत शिरतात. पिल्लू थोडे सावरले की पुढचा दोरा त्याच्याच बुडातून निघतो. म्हणजे तुमचे दुसरे पिल्लू पहिल्याचे आणि लोंबणारे तिसरे दुसऱ्याचे.

यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती लागणार आहे. या ओळीत तुम्हाला चार रोपे दिसतात, पण वनस्पती एकच आहे. बी नाही, परागण नाही, नवा जीव नाही. तीच वनस्पती पुढे सरकते आहे.

पिल्लाला स्वतःची मुळे आणि पुरेशी पाने येईपर्यंत हा दोरा नाळेचे काम करतो. आईच्या पानांत तयार झालेली साखर त्यातून पुढे जाते. पुढे पिल्लू उजेडात आणि आई लाकडाच्या सावलीत असेल तर देवघेव उलटीही होऊ शकते. त्यामुळे दोन पानांचे पिल्लू कापून दुसरीकडे लावले तर ते बहुधा तसेच खुरटून बसते. पाच-सहा पाने आणि बोटभर मुळे झाली की खुशाल कापा. कात्री धारदार हवी, आणि दोन्हीकडे थोडा दोरा शिल्लक ठेवा. पण मुळात कापायचे कशासाठी? रोप दुसऱ्या जागी हवे असेल, कुणाला द्यायचे असेल, किंवा दोरा दर्शनी काचेशी येऊन शोभा घालवत असेल तरच. नाहीतर काही महिन्यांत तो आपोआप झिजून तुटतो.

महाबळेश्वर-पाचगणीचे स्ट्रॉबेरीवाले याच बेताने चालतात. मदर प्लांटचा रनर मातीच्या पिशवीवर टेकवायचा, रुजू द्यायचा, मग मधला दोरा तोडायचा, आणि पावसाळा सरता सरता ती रोपे शेतात न्यायची. न रुजलेला रनर तिथे कुणी फुकटही घेणार नाही.

आता दुकानदाराचे खरे कुठे आहे ते. तुमच्याकडे नुसती धुतलेली वाळू आहे. त्यात खत नसेल आणि मासेही चारच असतील, तर आईकडे द्यायला काही नसते. मग ती जुन्या पानांतला नायट्रोजन आणि पोटॅशियम काढून नव्या वाढीकडे वळवते. जुनी पाने पिवळी पडू लागली किंवा त्यांवर बारीक भोके दिसली तर तेच चालले आहे असे समजा. अशा वेळी दोरा कापून आई सुधारत नाही, ती उपाशीच राहते. आईच्या बुडापासून दोन बोटांवर एक रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी) चिमट्याने खोल खुपसा. महिनाभराने एक पिल्लांच्या ओळीतही द्या.

लोंबणाऱ्या तिसऱ्यासाठी : दोऱ्यावर एक चपटा खडा ठेवा, म्हणजे पिल्लू वाळूला टेकेल. त्याला वाळूत दाबून पुरू नका. बुडाचा पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो ती रेघ वाळूच्या वरच राहिली पाहिजे. ती पुरली की रोप कुजते, आणि व्हॅल मरण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

प्रश्न : आमच्याकडे उलटे झाले आहे. मागच्या काचेला लावलेली व्हॅल आता पुढे येऊन बसली आहे. मासे दिसेनासे झाले. रनर अडवता येतात का? (वसई)

उत्तर : येतात, पण कायमचे नाही. अ‍ॅक्रिलिकची पट्टी काचेच्या तळापर्यंत उभी रोवा आणि वाळूच्या वर बोटभर राहू द्या. वरून जाणारे रनर तिच्यावर चढून पलीकडे उतरतात, तेवढे दर आठवड्याला पाणी बदलताना खुडायचे. कुंडीत लावा असे बरेच जण सुचवतात. कुंडीच्या काठावरून रनर खाली झेप घेतो, म्हणून मला तो उपाय पटलेला नाही. खुडताना दोरा ओढू नका, कापा. ओढला की सगळी ओळ मुळांसकट उठते आणि खालचा गाळ पाण्यात येतो.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. आमच्या टँकमधल्या व्हॅलमधून एक खूप बारीक दोरी थेट वर पाण्यापर्यंत गेली आहे आणि टोकाला पांढरा ठिपका आहे. हा पण रनर आहे का? रनर तर आडवा जातो ना? (सातारा)

उत्तर : शाब्बास. आडवे आणि उभे हा फरक तुला दिसला, इथेच अर्धे उत्तर आले. तो रनर नाही, ते व्हॅलचे फूल आहे, आणि तेही मादीफूल.

व्हॅलमध्ये नर रोप वेगळे आणि मादी रोप वेगळे असते. मादीफुलाचा देठ पाण्याच्या पातळीपर्यंत वाढतो. टँक खोल असेल तर देठही तेवढा लांब. फूल पृष्ठभागावर येऊन बसते तेव्हा त्याच्या भोवती पाण्याला किंचित खळगा पडतो. दिव्याच्या उजेडात तिरके बघितलेस तर तो खळगा दिसेल. नर रोपाची फुले मात्र तळाशीच एका पिशवीत असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि भरपूर. ती एकेक करून सुटतात, वर तरंगत येतात, तिथे उघडतात आणि वाऱ्याने पाण्यावर इकडेतिकडे फिरतात. त्यातले एखादे मादीफुलाच्या खळग्यात घसरले की परागण झाले. मग मादीचा देठ स्वतःभोवती गुंडाळत जातो आणि फळाला खाली पाण्यात ओढून घेतो. या गुंडाळ्या देठामुळेच लिनियसने १७५३ मध्ये या जातीला ‘स्पायरॅलिस’ म्हटले. व्हॅलिस्नेरिया हे नाव आन्तोनियो वालिस्नेरी या इटालियन निसर्गअभ्यासकाचे. तो १६६१ ते १७३० या काळातला.

आता तू विचारशील, आमच्या टँकमध्ये फळ का धरत नाही? तुझ्या टँकमधली सगळी व्हॅल एकाच रोपाच्या रनरमधून आलेली असणार. आई मादी, तर पिल्लेही सगळी मादीच. शंभर झाली तरी नर एकही नाही. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या दुकानातून व्हॅल आणलेल्या मित्राकडून दोन रोपे माग. गच्चीवर एका टबात दोन्ही एकत्र लाव आणि फिल्टर लावू नकोस, कारण पाणी हलत राहिले तर नरफुले बुडतात. नर मिळाला तर तुला हे सगळे डोळ्यांनी बघता येईल. मी ज्युनिअर कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा हे फळ्यावर काढून दाखवायचे आणि मागच्या बाकावरची मुले झोपायची. टबातले दाखवले असते तर जागी राहिली असती.

प्रश्न : क्रिप्टोकोरिन वेंडटाय दीड वर्ष हॉलमधल्या टँकमध्ये होते. रनर एकही दिला नाही. मार्चअखेर उन्हामुळे टँक आतल्या खोलीत हलवला, त्या वेळी रोपे काढून पुन्हा लावली. चार दिवसांत पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. आता नुसती खुंटे आहेत. टाकून देऊ का? (नागपूर)

उत्तर : टाकू नका. क्रिप्टची ही खोड सगळ्या जगाला माहीत आहे, हौशी लोक तिला ‘मेल्ट’ म्हणतात. जागा, उजेड, पाणी, तापमान यांतले काहीही एकदम बदलले की ते आहेत ती पाने सोडून देते. जमिनीतला जाड गड्डा आणि मुळे जिवंत असतात. एक खुंट बोटाने हलकेच दाबून बघा. टणक लागले तर रोप शाबूत आहे. विरघळलेला लगदा मात्र लगेच काढा, कारण तो सडून अमोनिया वाढवतो आणि भोगावे लागते माशांना. गड्डा उपटायचा नाही. तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतील. ती आधीच्यापेक्षा वेगळ्या रंगाची आणि रुंदीची असू शकतात, घाबरू नका.

रनर दिला नाही म्हणता, तिथे मला शंका आहे. व्हॅलचा रनर डोळ्यांसमोर पळतो, क्रिप्टचा जमिनीखालून जातो. वाळूखाली तो आधीपासून असेल आणि तुम्ही रोपे काढताना तुटला असेल. जुन्या जागेवरची वाळू या टँकमध्ये तशीच टाकली असेल तर आईपासून लांब, भलत्याच ठिकाणी एखादे पान उगवलेले दिसेल. तिथली वाळू उकरू नका.

शिवाय क्रिप्टला घाई नसते. नव्या जागी ते आधी मुळे पसरते, आणि पोट भरल्याशिवाय रनर देत नाही. ते खाते मुळांनी. नुसत्या खडीत वर्षानुवर्षे एकच झुबका राहतो, आणि त्याच झुबक्याला रूट टॅब मिळाले की कडेने पिल्ले उगवू लागतात. म्हणून क्रिप्ट लावायचे ते जागा ठरवून, एकदाच. दर महिन्याला टँकची मांडणी बदलणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द. तुमच्याकडे मेमध्ये टँकचे पाणी ३३-३४ अंशांवर जात असणार. गरम पाण्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कमी विरघळतात, त्यामुळे मासेही धापा टाकतात आणि रोपेही मंदावतात. टँकचे झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावा. कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी मात्र रोज आटेल. त्याची भर आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याने करू नका. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात आणि टँकमधले पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. भर घालायची ती आरओच्या पिण्याच्या पाण्याने.

वेंडटाय मूळचे श्रीलंकेचे. त्याचे काही भाऊबंद आपल्या कोकणात ओढ्याकाठी, भातखाचरांच्या कडेला वाढतात. पाहायला जरूर जा, उपटून आणू नका. पावसात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात उघड्यावर जगणारे ते रोप टँकमध्ये आले की आधी मेल्टच होणार.

प्रश्न : समोरच्या भागात हिरवळ हवी म्हणून हेअरग्रासची दोन कुंडी-रोपे आणली. चार महिने झाले, दोन झुबके होते तिथेच आहेत. दुकानदार म्हणतो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर घेतल्याशिवाय काही होणार नाही, तोपर्यंत लिक्विड कार्बन घाला. खाली पांढरी संगमरवरी खडी आहे. मागे व्हॅल आहे. (ठाणे)

उत्तर : ही हिरवळीची हौस जपानच्या ताकाशी अमानो यांनी जगाला लावली. १९५४ ते २०१५ हा त्यांचा जीवनकाळ. त्यांच्या टँकची छायाचित्रे पाहिली की प्रत्येकाला पुढच्या काचेपाशी लॉन हवे असते. पण त्या छायाचित्रांत तळाला काय आहे ते दिसत नाही, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

हेअरग्रास म्हणजे इलिओकारिस. त्याचा आडवा धागा सुतासारखा बारीक असतो आणि जमिनीच्या पृष्ठभागाखालून जातो. दाणा बारीक असेल तर धागा वाट काढतो. तुमच्या संगमरवरी खडीत दोन खड्यांमध्ये पोकळी असते. धागा तिथे अधांतरी राहतो, त्याच्या गाठीवर फुटलेल्या मुळाला धरायला काही मिळत नाही. त्यातून संगमरवर हळूहळू विरघळून पाणी जड करतो. एवढ्या एकाच कारणासाठी मी पांढऱ्या खडीच्या विरोधात आहे. दिसायला ती मला आवडते.

तेव्हा सिलिंडरच्या आधी पुढचा भाग बदला. एक ते तीन मिलिमीटर दाण्याची काळी वाळू किंवा टँकसाठी मिळणारी सॉइल, चार बोटे जाड. मग झुबके बाहेर काढून कात्रीने बारीक वाटे करा. एका वाट्यात पाच-सात काड्या पुरेत. चिमट्याने तिरके खुपसत बोट-बोट अंतरावर लावा. दोन मोठे झुबके तसेच लावले की ते आपल्याच गर्दीत अडकून राहतात. वीस छोटे वाटे लावले तर वीस ठिकाणांहून धागे सुटतात. पंधरा दिवसांनी वरून अर्धे कापा. छाटल्यावर आडवी वाढ जोर धरते असा बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही. दिवा सहा ते आठ तास, अधिक नको. अधिक ठेवलात तर हिरवळ येईल, पण ती शेवाळाची असेल.

आता सीओटूचे. पाण्यात वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. साध्या टँकमध्ये लीटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, सिलिंडरवाले तो ३० पर्यंत नेतात. साहजिकच वाढ भराभर होते. पण तो नसला तर हेअरग्रास मरत नाही, सावकाश भरते. वर्ष थांबायची तयारी असेल तर सिलिंडर नको. थांबायचे नसेल आणि खर्चही नको असेल तर हेअरग्रासचा नाद सोडा आणि बुटकी सॅजिटेरिया लावा. ती साध्या वाळूत, साध्या उजेडात रनर देते. तिची एकच खोड आहे : उजेड कमी पडला किंवा गर्दी झाली की बुटकी राहत नाही, वीतभर वाढते.

लिक्विड कार्बनची बाटली मात्र उघडू नका. नाव काहीही असो, तिच्यात बहुधा ग्लुटारअल्डिहाइड असते. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन. शेवाळ त्याने मरते, म्हणून लोक खूश असतात. व्हॅललाही ते मानवत नाही, पाने लुळी पडून गळतात. आणि तुमच्या मागच्या काचेला व्हॅल आहे. पुढची हिरवळ उगवायच्या आधी मागची बाग जायची.

प्रश्न : अ‍ॅमेझॉन स्वोर्डला रनर का येत नाहीत? तीन वर्षांचे रोप आहे, पानेच पाने. (कोल्हापूर)

उत्तर : त्याची ती पद्धतच नाही. ते तळातून फुलांचा लांब दांडा वर काढते, आणि त्या दांड्याच्या गाठींवर फुलांसोबत किंवा फुलांऐवजी पिल्ले फुटतात. दांडा आला की खाली वाकवून त्यावर दगड ठेवा, पिल्लांना बोटभर मुळे आली की कापा. रनर देणारा ‘चेन स्वोर्ड’ वेगळा, बुटका आणि गवतासारखा. दुकानात दोन्हींना स्वोर्डच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. तुमच्या रोपाला दांडा येत नसेल तर त्याच्या बुडाशी दोन-तीन रूट टॅब एकदम द्या. एवढी पाने पोसायची म्हणजे त्याची भूकही तशीच असते.

प्रश्न : दर महिन्याला बादलीभर व्हॅल निघते. मित्रांना देऊन झाली, आता कुणी घेत नाही. आमच्या सोसायटीमागून नदी वाहते. व्हॅल आपल्याकडच्या तळ्यांतलीच वनस्पती आहे असे वाचले. मग नदीत सोडली तर काय बिघडले? निदान माशांना आसरा होईल. (पुणे)

उत्तर : पुण्यात राहून हा प्रश्न विचारलात याचे मला नवल वाटले. पवनेवर, मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा तुम्ही दरवर्षी बघत असाल. महापालिका तो काढते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा असतोच. ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्याकडे आली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठी, बागेतल्या हौदाची शोभा म्हणून. पसरते कशी? तुमच्या व्हॅलसारखीच. बुडातून आडवा दांडा, टोकाला पिल्लू, पिल्लातून पुढचा दांडा. फरक इतकाच, की तिला जमीनही लागत नाही. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो.

व्हॅल आपल्याकडची आहे हे खरे. पण तुमच्या टँकमधली व्हॅल कुठली आहे? ‘जायंट’, ‘ट्विस्टेड’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या व्हॅलमध्ये परदेशी जातीही असतात, आणि पाने बघून त्या ओळखणे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही जड जाते. शिवाय बादलीत नुसती व्हॅल नसते. तिच्या पानांवर गोगलगायींची अंडी असतात, शेवाळ असते, आणि एखादा सॅल्व्हिनियाचा तुकडा चिकटलेला असतो. तो एवढासा तुकडाही पुरतो. सॅल्व्हिनिया मोलेस्टा हे ब्राझीलकडचे पाणनेचे वांझ आहे, बीजाणूंनी वाढत नाही, नुसते तुटून तुटून पसरते. तेवढ्यावर त्याने केरळमधली भातखाचरे आणि कालवे भरून टाकले होते. शेवटी त्याच्याच देशातला एक सोंडकिडा आणून सोडावा लागला.

उलटा दाखलाही आहे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली जे हायड्रिला ठेवतो ते आपल्याकडे फारसे कुणाला त्रासदायक वाटत नाही. १९५० च्या दशकात ते टँकच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लॉरिडात गेले, आणि आज तिथल्या तळ्यांत त्याच्याशी झगडणे चालू आहे. आपले म्हणून निरुपद्रवी, असे काही नसते.

करायचे ते एवढेच : निघालेली व्हॅल गच्चीवर गोणपाटावर पसरा, कडक ऊन्हात कुरकुरीत होऊ द्या आणि मग कंपोस्टच्या ड्रममध्ये टाका. पावसाळ्यात ऊन नसेल तर ओली थेट मातीत गाडा. गुलाबाच्या कुंड्यांना हे खत फार छान लागू पडते. ड्रेनेजमध्ये टाकू नका, ते पाणीही शेवटी नदीलाच मिळते.

आणि बादलीभर निघते म्हणजे तुम्ही तिला खायला जास्त घालता. खत निम्मे करा, दिवा दोन तास कमी करा, महिन्याची बादली अर्ध्यावर येईल.

प्रश्न : बहीण छत्रपती संभाजीनगरला असते. तिला व्हॅलची आणि बुटक्या सॅजिटेरियाची पिल्ले कुरिअरने पाठवायची आहेत. पाण्यात घालून पाठवू का? (पनवेल)

उत्तर : पाण्यात मुळीच नको. पिशवीतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, रोप हेलकावे खाते आणि पोचेपर्यंत सूप होते. मी कऱ्हाडहून पाठवते ते असे. आदल्या दिवशी दिवा लागायच्या आत रोपे काढते, जुनी बाहेरची पाने बुडापासून खुडते. व्हॅलची लांब पाने वीतभर ठेवून वरून कापते. मुळांना ओला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, कागद पिळून घ्यायचा, पाणी टपकता कामा नये. मग सगळे झिप पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करायचे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचे. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका, म्हणजे रविवारी गोदामात अडकत नाही. असे बांधलेले रोप चार-पाच दिवस तग धरते. एप्रिल-मेमध्ये मात्र पाठवू नका. कुरिअरच्या गाडीत ते शिजते.

सुटी पिल्ले निवडण्याऐवजी रनरला जोडलेली दोन-तीन पिल्लांची ओळ तशीच पाठवा, दोरा न तोडता. वाटेत एक दगावले तरी दुसऱ्याकडे काही शिल्लक असते. बहिणीला सांगा, आल्या आल्या पाने लुळी, पिवळी दिसतील, त्यावरून काही ठरवू नको. बुडाचा गड्डा टणक असेल तर नळाचे पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवून त्यात रोपे तासभर ठेव आणि लावून टाक. तिच्या टँकमध्ये गोल्डफिश असतील तर मात्र आधी फोन करून विचारा. ते वाळू उपसतात आणि नव्याने लावलेले रोप सकाळी वर तरंगताना दिसते.